दोन रेघांचं पान

पद्मिनीबाईंना हर्नडनला येऊन पाच महिने झाले होते, आणि या पाच महिन्यांत त्यांना चांगलंही वाटलं नव्हतं आणि वाईटही. देवळात भेटणारी मराठी मंडळी कौतुकानं विचारायची, "काकू, कसं वाटतंय मग अमेरिकेत?" त्या म्हणायच्या, "छान." छान हा मोठा सोयीचा शब्द. तो म्हणायला जिभेपलीकडे माणसाचं काहीच लागत नाही.

नवरा गेला तो ऐन दिवाळीच्या तोंडावर. विनय, एकुलता एक मुलगा, दोन विमानं बदलून नागपूरला पोचला तो तिसऱ्या दिवशी. तोवर पुतण्यानं अग्नी देऊन झालेला. तेरावं उरकलं आणि पुढच्याच आठवड्यात विनय आईला घेऊन परत निघाला. दोघांनी मिळून अमेरिका बघायची म्हणून व्हिसा आधीच काढलेला होता, तो एकीच्या कामी आला. नागपूरचं घर उन्हाळ्यात विकून टाकू, असंही विमानातच ठरलं. म्हणजे विनयनं ठरवलं आणि बाई "बरं" म्हणाल्या. नको म्हणायला माणूस जागेवर असावा लागतो. बाई जागेवर नव्हत्या.

त्यांचं माहेर रामटेकचं, बारयांच्या घरातलं. पिढ्यान्‌पिढ्या पानमळ्यावर जगलेलं घर. मळ्यात चपला घालून जायचं नाही, पारोशानं जायचं नाही, पानाला पाय लागला तर हात लावून कपाळी न्यायचा, हे त्या चालायला लागल्या तेव्हापासून शिकलेल्या. नवरा वीज मंडळात, आणि पानाचा षौकीन. एकेचाळीस वर्षं त्यांनी रोज आठ विडे लावले. आता बोटांना कामच उरलं नव्हतं. जेवणं झाली की त्या टेबलावरचा कागदी रुमाल घ्यायच्या, देठ खुडल्यासारखा त्याचा कोपरा मोडायच्या, घडीवर घडी घालून विड्यासारखा त्रिकोण करून ठेवायच्या. सून सुमेधा ते बघून नवऱ्याकडे बघे आणि नवरा खिडकीबाहेर बघे.

विनयला बघायला दुसरंही पुष्कळ होतं. सॉफ्टवेअरच्या कामासाठी येऊन त्याला सहा वर्षं झाली होती, ग्रीन कार्डाचा अर्ज तीन वर्षं रांगेत उभा होता, आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. एच-वन व्हिसाची मोठी गंमत असते. नोकरी आहे तोवर माणूस जावई, नोकरी गेली की चोर. वकिलानं सरळ सांगितलं होतं : एप्रिल संपायच्या आत नव्या कंपनीनं कागद भरले तर ठीक, नाहीतर बॅगा भरा. ग्रीन कार्डाची रांगही मग विसरा. त्या घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. पाच वर्षांची रुहीसुद्धा तिच्या बाहुलीला "आर यू लेड ऑफ?" असं विचारत असे.

पद्मिनीबाई रोज सकाळी देवापुढे दिवा लावून म्हणायच्या, "माझ्या विनयला नोकरी लागू दे." मनापासून म्हणायच्या. मन जेवढं हाताशी होतं तेवढ्यापासून.

मार्चमध्ये इमारतीच्या तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत, त्यांना सेवेरिना भेटली. दुसऱ्या मजल्यावर मुलीकडे राहणारी म्हातारी, बुटकी, रुंद, पाठीवर दोन वेण्या. मूळची बोलिव्हियाची. त्या भागात बोलिव्हियाची माणसं पुष्कळ. पद्मिनीबाईंना ती आधी आपल्याकडचीच कोणी वाटली होती. मशीनसमोरच्या बाकावर सेवेरिना बसली होती आणि तिचा डावा गाल फुगलेला होता.

दाढ दुखून सुजलेला गाल वेगळा आणि पान धरून फुगलेला गाल वेगळा. हे बाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या उठल्या आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा कोणी ढकलल्याशिवाय परक्या माणसाजवळ जाऊन बसल्या.

"पान?" त्यांनी गालाकडे बोट करून विचारलं.

सेवेरिनानं आधी दाराकडे पाहिलं, मग स्वेटरच्या आतून एक लहानशी विणलेली पिशवी काढली. लाल-काळ्या पट्ट्यांची, गोंडे लावलेली. बाईंना आपल्या सासऱ्यांची चंची आठवली. पिशवीत वाळकी हिरवी पानं होती, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि एका कागदात राखेची काळी वडी. सेवेरिनानं दोन-चार पानं गालात सारली, राखेचा कण तोडून वर लावला.

"चुना!" बाई म्हणाल्या. इतक्या जोरात म्हणाल्या की सेवेरिना दचकली.

दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं. बाईंचं जुन्या मॅट्रिकचं, सेवेरिनाचं पंधरा वर्षं ऑफिसं झाडून मिळवलेलं. मोडकं मोडक्याला बरं समजतं. त्या दिवसापासून मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेले. कपडे मशीनमध्ये फिरायचे आणि या दोघी बाकावर.

सेवेरिना खाणींच्या गावची. नवरा डोंगराच्या पोटात चांदी-कथिल खणायला जायचा. खाली जेवण न्यायची रीत नाही. न्यायचं ते पान. गालातल्या पानाची चव उतरली की किती वेळ झाला ते कळायचं. घड्याळाचं काम पान करी. डोंगरात वाटसरूला अंतर विचारलं तर तो सांगे, इतक्या गालांची वाट आहे. पान तोंडात टाकण्याआधी तीन अखंड पानं निवडायची, पंख्यासारखी बोटांत धरायची, धरणीमातेकडे आणि डोंगरांकडे फुंकर घालायची, मगच खायचं. मुलगी मागायला जाताना मुलाकडचे पान घेऊन जातात. मुलीच्या बापानं पान घेतलं की लग्न ठरलं.

"म्हणजे आमची सुपारी फुटते तसंच की हो!" बाई म्हणाल्या. सुपारी म्हणजे काय आणि ती का फोडायची हे समजावण्यात एक अख्खी धुलाई गेली.

पान आलं कुठून, याचीही गोष्ट तिच्याकडे होती. देवाच्या आईचं लेकरू हरवलं. ती रानोमाळ शोधत फिरली, पाय थकले, घसा सुकला. एका झुडपाशी बसली आणि दुःखाच्या भरात, आपण काय करतोय याचं भान नसताना, तिनं एक पान तोडून चावलं. दुःख गेलं नाही. पण उठून पुढे चालता आलं. तेव्हापासून पान.

बाईंनी नागवेलीची गोष्ट सांगितली. नागांच्या राणीनं आपल्या करंगळीचं टोक कापून दिलं, ते मातीत लावलं, त्याची वेल झाली. म्हणून त्या वेलीला फूल नाही, फळ नाही, नुसतं पान. सेवेरिनानं छातीवर क्रूसाची खूण केली. मग पिशवीतून एक चिमूट बाईंच्या तळहातावर ठेवली.

बाईंनी खाण्याआधी पान उजेडाकडे धरलं. ही त्यांच्या बापाची सवय. पातळ होतं, मागून फिकट. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना देठापासून टोकापर्यंत एक-एक बारीक रेघ गेली होती, शीर नव्हे, नुसती रेघ. असं पान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ते गालात ठेवलं, राखेचा कण लावला. चव वाळल्या गवताची. थोड्या वेळानं गाल बधिर झाला, मग जिभेची कड, मग ओठ. बाईंना हसूच आलं. आतून तर त्या केव्हाच्याच अशा होत्या. आता निदान बाहेरचा आतल्याशी मेळ बसला. वर जाताना जिना चढून त्यांना धाप लागली नाही.

"घरी दाखवू नकोस," सेवेरिना म्हणाली. "माझी मुलगी ओरडते. तरुणांना आवडत नाही."

यात बाईंना काही नवल वाटलं नाही. सुमेधालाही पान आवडत नसे. तिचे सासरे, म्हणजे बाईंचा नवरा, एकदा पुण्याला तिच्या माहेरी बेसिनमध्ये थुंकले होते, तो विषय लग्नाला सात वर्षं झाली तरी मिटलेला नव्हता. बाईंनी मिळालेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्या कपड्यांखाली ठेवली. पुढच्या शुक्रवारी सेवेरिनानं आणखी ओंजळभर दिली. तिची बहीण नुकतीच गावाहून आली होती, पानं घेऊन.

इकडे विनयची रया जात चालली होती. झोप नाही, जेवण नाही, डोकं दुखतंय, दिवसभर लॅपटॉपपुढे. एका सोमवारी जर्सी सिटीच्या कुठल्याशा कंपनीचा फोनवरचा इंटरव्ह्यू होता आणि तो सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता, डोळे मिटून. बाईंनी बघितलं आणि त्यांचे हात आपोआप चालले. पातेलं ठेवलं, आलं ठेचलं, गवती चहा नव्हता म्हणून दालचिनी, गूळ, आणि मूठभर ती पानं. आईच्या हाती दुसरं असतं काय? मूल खोकलं, काढा. मूल रुसलं, काढा. नोकरी गेली, काढा.

"कसला आहे?" विनयनं विचारलं.

"पानाचा. पी गुमान."

त्यानं प्यायला. दुपारी तो खोलीतून बाहेर आला तो ताठ चालत. "आई, यार, मस्त झाला इंटरव्ह्यू! डोकं एकदम क्लिअर होतं. उद्या पण दे तो काढा."

उद्या दिला, परवा दिला. विनय पोळी मागून घेऊ लागला. सुमेधा म्हणाली, "आई, तुमच्या काढ्याचं पेटंट घ्यायला पाहिजे." बाईंना बरं वाटायला हवं होतं. आत अजून सगळं तसंच होतं, बधिर. पण हातांना काम होतं, आणि काम असलेले हात माणसाला ओढत नेतात.

गुरुवारी ऑफर आली. विनयनं रुहीला उचलून गरगर फिरवलं. "जॉइनिंग पंधरा दिवसांत. ते लगेच पेपर्स फाइल करतायत. फक्त बॅकग्राउंड चेक आणि ड्रग टेस्ट, ते सगळ्यांचंच करतात. फॉर्मॅलिटी."

"याची ड्रग टेस्ट!" सुमेधा हसली. "हा क्रोसिन घेतलं तरी दोनदा लेबल वाचतो."

शुक्रवारी सकाळी तो लॅबमध्ये निघाला. भरपूर पाणी पिऊन या, असं सांगितलं होतं म्हणे, लघवीचा नमुना द्यायचा होता. नुसतं पाणी किती पिणार? बाईंनी काढाच मोठ्या पातेल्यात केला आणि त्याला दोन मोठे मग भरून दिले. ड्रग म्हणजे गर्द, गांजा, अफू, हे त्यांना माहीत होतं. नागपूरला रेल्वे पुलाखाली पडलेली पोरं त्यांनी पाहिली होती. पण पान म्हणजे पान. बारयांच्या मुलीला पानाबद्दल संशय घ्यायला सांगणं म्हणजे भटजीला गंगाजळ उकळून प्यायला सांगण्यासारखं. त्यांनी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली आणि तो गेला.

फोन बुधवारी आला, दुपारी. विनय उभ्यानं बोलत होता तो बोलता बोलता बसला. "नो. नो, डॉक्टर, देअर इज सम मिस्टेक." मग बराच वेळ नुसतं ऐकलं. फोन ठेवला.

"काय?" सुमेधानं विचारलं.

"पॉझिटिव्ह आलीय."

"कशाला?"

"कोकेन."

सुमेधानं नवऱ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात जे होतं ते पद्मिनीबाईंना दारातून दिसलं. सात वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे तसं कधी बघितलं नसेल. मग ती हळूच म्हणाली, "विनय, गेले आठ दिवस तू एकदम ठीक झाला होतास. एकदम."

"म्हणजे? सुमेधा, म्हणजे काय?"

"मी फक्त विचारतेय."

"तू मला विचारतेयस?"

"हळू बोल. रुही आत आहे." तिनं दार लोटलं. "खरं सांग. आपण हँडल करू. पण खरं सांग."

बाई म्हणाल्या, "ते कोकेन कशाचं करतात?"

दोघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जसं काही कपाटच बोललं. त्यांनी पुन्हा विचारलं. विनय वैतागून म्हणाला, "आई, प्लीज, आत्ता नको." पण सुमेधाला सासूच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. तिनं लॅपटॉप ओढला, टाइप केलं. चित्र हळूहळू वरून खाली उघडत गेलं. झुडूप, लाल बोरं, आणि मोठं करून दाखवलेलं एक पान.

मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना एक-एक रेघ.

पद्मिनीबाई आत गेल्या. कपड्यांखालची पिशवी आणली आणि टेबलावर ठेवली. उरली होती अर्धी मूठ. "हे मी घातलं काढ्यात," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं रे."

सुमेधानं तोंडावर हात घेतला आणि रडायला लागली. विनयच्या बाजूला जाऊन त्याच्या दंडाला धरून रडायला लागली, "सॉरी, सॉरी" म्हणत. विनय पिशवीकडे बघत राहिला. मग तो हसला. हसण्यासारखा आवाज आला, एवढंच. "पानाचा," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस. पानाचा."

"कुणी दिलं?" सुमेधानं विचारलं.

बाईंनी सांगितलं. खालच्या बाकाचं, खाणीचं, राखेचं, सगळं सांगितलं. सांगताना आवाज सपाट येत होता. त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं. या क्षणी छाती पिटून घ्यायला हवी, जमिनीनं दुभंगून पोटात घेतलं तर बरं, असं वाटायला हवं, हे त्यांना कळत होतं. कळणं आणि वाटणं यांत अख्खा समुद्र होता.

विनयनं लॅबच्या डॉक्टरला परत फोन लावला. त्यानं सगळं नीट सांगितलं : आई म्हातारी आहे, तिला माहीत नव्हतं, कोणीतरी पानं दिली, तिनं चहा केला. बाई बाजूला उभ्या होत्या. "गिव्ह मी, आय टेल," त्या म्हणाल्या, पण त्यानं हातानं थांबवलं. पलीकडचा माणूस सभ्य होता. तो म्हणाला, तुमच्यावर माझा विश्वास आहे, अशा चहाच्या गोष्टी मी ऐकलेल्या आहेत. पण चहा हे नियमात बसणारं कारण नाही. पानातून आलं काय आणि पुडीतून आलं काय, कागदावर एकच शब्द जातो. आणि मग त्यानं विचारलं, पानं कुणी दिली? इथे ती जवळ ठेवणं गुन्हा आहे.

"आय डोन्ट नो हर नेम," विनय म्हणाला आणि फोन ठेवला.

पिशवीतली पानं त्यानं टॉयलेटमध्ये टाकली. संध्याकाळी कंपनीचं पत्र मेलवर आलं, दोन ओळींचं, ऑफर मागे घेतल्याचं. वकील फोनवर जेमतेम पाच मिनिटं बोलला. नवं काही मिळण्याइतका वेळ नाही. आपणहून निघून जा, म्हणजे पुढे कधी यायचं झालं तर रेकॉर्ड साफ राहील.

सुमेधा रुहीला आंघोळ घालायला घेऊन गेली. पाण्याचा आवाज येत होता. पद्मिनीबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, हात मांडीवर. विनय आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. इतका दमलेला चेहरा त्यांनी त्याचा बाप गेला तेव्हाही पाहिला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "आपण परत जातोय. महिनाअखेर. सगळेच."

त्यानं टेबलावरचा कागदी रुमाल बाजूला सारला.

"नागपूरलाच राहू आधी. तिथून बघेन काहीतरी. पुणे किंवा बंगलोर. पण आधी वर्षभर तरी नागपूर. रुहीला तिथल्या शाळेत घालू."

आणि पद्मिनीबाईंना वाटलं. पाच महिन्यांनी काहीतरी वाटलं. त्या वाट बघत होत्या ते दुःख असेल, पश्चात्ताप असेल. पोराचं सहा वर्षांचं घर आपल्या हातानं पातेल्यात उकळून घालवलं, त्याची शरम असेल. ते तसलं काही नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला फाटक वाजेल आणि विनय आत येईल, "आई, भूक" म्हणेल. रुही शेजारच्या पोरींबरोबर ओट्यावर भांडेल. मे महिन्यात सगळे अंगणात खाटा टाकून झोपतील आणि हा घोरेल, बापासारखाच. एक माणूस गेलं त्या घरात तीन माणसं येणार होती.

तो आनंद होता. धडधडीत, निर्लज्ज आनंद.

बाप्पा रे, त्यांच्या मनात आलं, मी आई आहे की कोण आहे?

त्यांनी मन चाचपून पाहिलं. ठाऊक होतं का मला? कुठेतरी आत, देवापुढे नोकरी मागताना, हे दुसरंच मागत होते का मी? नाही. पानाची शपथ, ठाऊक नव्हतं. पण आता जे मिळत होतं ते नको, असं त्यांना जीव गेला तरी म्हणता येत नव्हतं.

डोळ्यांतून पाणी आलं आणि थांबेना. विनय घाबरला. पाच महिने आईचा दगड झालेला पाहिला होता त्यानं. तो दगड असा फुटलेला बघून त्याचे स्वतःचे डोळे भरले. त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि आईला लहान मुलासारखं जवळ घेतलं.

"आई, रडू नको गं. तुझी काही चूक नाही. खरंच नाही. आय स्वेअर, मला तुझा राग नाही. तू माझ्यासाठीच केलंस ना? जाऊ दे नोकरी. मिळेल दुसरी. तू मनाला लावून घेऊ नको."

तो पाठीवरून हात फिरवत राहिला. आपला चेहरा आत्ता कसा दिसत असेल हे पद्मिनीबाईंना चांगलं ठाऊक होतं, आणि तो मुलाला दिसू नये म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यात तोंड आणखी खुपसलं.